महिन्यातून दहा मिनिटं

जोडभावी पेठेत, समाजाच्या खोलीत
दोन वस्तू माझ्या ताब्यात आहेत:
काचेच्या झाकणाची शीतपेटी
आणि तिच्यासाठीचा जनरेटर.
दोन्ही लागू नयेत
अशीच सगळ्यांची इच्छा.

पण सोलापुरात लाईट जाते, वैशाखात तर हमखास,
आणि भिवंडीहून निघालेला मुलगा
पोचेपर्यंत सकाळ होते.

राजमणीबाई कोडमूर गेल्या त्या रात्री
दोरी ओढून ओढून माझा खांदा उतरला.
मशीन नुसतं खोकलं.
कारखान्यातून बर्फाच्या लाद्या आणल्या, भुशासकट.
पाणी उंबऱ्याबाहेर वाहत राहिलं
आणि कोणी मला काही बोललं नाही.
ते न बोलणं
अजून खांद्यात आहे.

दस्तगीर मिस्त्रीनं टाकीत बॅटरी मारली.
"बघ," म्हणाला.
आत विटकरी रंग, फक्त वरच्या अर्ध्यात,
जिथवर पेट्रोल पोचत नव्हतं.
"तेल हाय तिथं गंज न्हाई.
मोकळ्या जागेत हवा ऱ्हाती. दिवसा तापती,
रातच्याला घाम सोडती.
त्यात आता पेट्रोलात उसाचं स्पिरिट,
ते पाणी वढतंय."
आपल्याच जिल्ह्याचा ऊस, मी म्हणालो.
तो हसला नाही. जेट फुंकत होता.

चिंचेचं पाणी रात्रभर.
सकाळी मूठभर नट, मोडीत निघालेल्या मागाचे,
टाकीत टाकून आळीपाळीनं खळखळवले
हात भरून येईपर्यंत.
लाल पाणी गटारीला गेलं.
मग सोडा, साधं पाणी, दुपारचं ऊन,
शेवटी वाटीभर इंजिन ऑइल
टाकीला सगळ्या कुशींवर वळवून.

तेव्हापासून ती गळ्यापर्यंत भरलेली असते,
बोटभर जागा सोडून.
शिळं झालेलं पेट्रोल माझी लुना पिते.
पहिल्या रविवारी कॉक उघडतो,
दहा मिनिटं चालवतो,
कॉक बंद करतो,
आणि कार्ब्युरेटरमधला उरलासुरला थेंब जळून
मशीन आपोआप गप्प होईपर्यंत
तिथंच उकिडवा बसतो.

सुरुवातीला आवाज झाला की
समोरच्या खिडक्या उघडायच्या.
विड्यांचं सूप मांडीवर तसंच धरून
बायका विचारायच्या: कोण?
कोणी नाही! मी ओरडायचो. गंजासाठी!

आता विचारत नाहीत.
फक्त नरसूतात, नव्वदीचे,
कठड्याशी येऊन उभे राहतात
दहा मिनिटं पुरी होईपर्यंत.

परवा म्हणाले, नीट चालतंय की रे.
हो, मी म्हणालो.
टाकीवरून फडकं फिरवलं.
झाकण घट्ट बसलंय का
ते दोनदा पाहिलं.