काकडबर्डी

बसमधून बघाल तर हुकेल.
चिमूरकडे जाताना डाव्या हाताला
जमीन जरा कूस बदलते, तेवढीच.
घाटावरचे पाहुणे हसतात, हा डोंगर?
डोंगर कोण म्हणतं, बर्डी आहे.
माथ्यावर काकडाची दोन झाडं होती म्हणे.
माझ्या आज्यानेही ती ऐकलेलीच.

नन्नावरे सर भूगोल शिकवायचे.
जर्मनीतही असेच बुटके डोंगर आहेत, सांगायचे,
बर्फ टिकत नाही, कोणी झेंडा रोवायला जात नाही,
पण त्यांच्यासाठी त्या लोकांकडे एक अख्खा शब्द आहे.
आपल्याकडे काय आहे?
मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं, मुरूम.

पण इथे किती काय संपतं, बघा.
बैलगाडीचा आक गिळणारी काळी माती
पायथ्याच्या बाभळीपाशी संपते,
पलीकडे पिवळट, बांध्यांची, बोड्यांची.
इकडे पऱ्हाटी, तिकडे धान.
इकडची पोरगी तिकडे दिली
की पहिलं वर्ष भाकरीसाठी झुरते.
डोळ्याला इकडे डोया म्हणतात, तिकडे डोरा.
माथ्यावर उभे राहिलात तर दोन्ही ऐकू येतात,
वारा कसा आहे त्यावर.
लच्छूबाई कुमरे तिला पेनमट्टा म्हणते
आणि चढताना चपला हातात घेते.

पाणीसुद्धा इथेच ठरवतं.
मावळतीकडचं नाल्यानाल्याने वर्धेला,
उगवतीकडचं वैनगंगेला.
पुढे त्या दोघी भेटतातच, सर म्हणायचे,
पण मधे कोणाची बोडी भरली
ते नकाशात नसतं.

मग रस्त्याचं काम आलं.
पिवळी मशीन, रात्रीचे टिप्पर,
बर्डीची मावळतीची कूस
दोन उन्हाळ्यांत पोखरली.
सर म्हणाले, मोजू.
गवंड्याचा पारदर्शक पाइप आणला, तीस फुटी,
शाळेच्या पायरीवर इंग्रजांच्या वेळची बाणाची खूण आहे,
तिथून टप्प्याटप्प्याने वर गेलो.
दोन शनिवार लागले.
एक बुडबुडा अडकला, परत खालून सुरू केलं.
सर शिव्या देत नसत. त्या दिवशी एक दिली.

पुस्तकात तीनशे एकतीस मीटर.
आमच्या वहीत तीनशे चोवीस,
आणि थोडे सेंटिमीटर, ते घामात पुसले गेले.
वेणू दडमलने विचारलं, पेपरात काय लिहू?
सर बराच वेळ खाली बघत राहिले.
पुस्तकातलं लिही, म्हणाले, मार्क पाहिजेत.

मग त्यांनी आपली पाण्याची बाटली उघडली
आणि जिथून पाणी दोन वाटांनी जायचं
त्या जागेवर ओतली, सावकाश,
कुंडीला घालतात तशी.
ते थोडं थांबलं. कडेची एक मुंगी वाहून गेली.
मग सगळंच्या सगळं
मावळतीच्या खड्ड्याकडे निघालं.

उगवतीला, खाली बोडीत,
मानेपर्यंत बुडायच्या त्या म्हशी
गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या.
त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

सरांनी झाकण लावलं. चला, म्हणाले.
मी पाइपाचं दुसरं टोक अजून धरूनच होतो,
वेणू पहिलं.
आतलं पाणी दोन्हीकडे सारखं.