जागेवरच पळ

चौतीस वर्षं मी आठ वर्षांचा होतो,
तळपदेबाईंच्या पुस्तकांत.
बाकी सगळीकडे वय रीतसर वाढलं:
मिसरूड, पोस्टातली नोकरी, जवळचा चष्मा.

ठाकूरद्वारला जिन्यालगतची त्यांची खोली.
"हं, पळ," म्हणायच्या. "पण जागेवरच."
एक पाय उचलून मी उभा,
गालातली लिमलेटची गोळीसुद्धा हलवायची नाही.
"गाल फुगलेला दिसतो रे,
पोरांना वाटेल याची दाढ दुखतेय."

कधी राजपुत्र झालो, कधी वाट चुकलेला धनगर,
एकदा तर चक्क ढग.
हत्तीसाठी आम्ही राणीच्या बागेत गेलो.
माहूत डोकावून म्हणाला, सोंड लांब झाली, बाई.
त्यांनी खोडली नाही.
"असू दे, गोष्टीत लागेल."

चित्रामागे बारा रुपये, मुखपृष्ठाचे चाळीस.
रंग दोनच: काळा,
आणि प्रेसमध्ये त्या आठवड्यात उरला असेल तो.
म्हणून एका पुस्तकात समुद्र लाल आहे
आणि माझी सावली पोपटी.
एकाही मुलानं तक्रारीचं पत्र धाडलं नाही.

पहिल्या पानावर लेखकाचं नाव, मुद्रकाचं,
कागद पुरवणाऱ्या शेठचंसुद्धा.
बाईंचं शोधायचं तर मुंग्यांच्या रांगेत शोधा,
सातवी की आठवी मुंगी,
जरा वाकून पाहिलं की 'श. त.' दिसते.

मजकूर वाढला की प्रेसमधले वागळे
चित्र खालून कापायचे.
"पाय काय, सगळ्यांनाच असतात."
मी गुडघ्यांपाशी संपायचो.

मी मोठा झालो, तरी त्यांनी दुसरा मुलगा ठेवला नाही.
पुढे प्रकाशकांचा लेक संगणक दाखवायला आला,
मावशी, यात मुलगा एकदाच काढायचा,
मग हवा तिथे चिकटवायचा.
बाईंनी चहा दिला त्याला.
काम मात्र पुन्हा आलं नाही.

गेल्या महिन्यात नातीनं ते लाल समुद्राचं पुस्तक उघडलं.
"आजोबा, तुझे पाय कुठेत?"
वागळ्यांनी कापले, म्हटलं.
ती हसली नाही. चपला घालून दारात उभी राहिली.

बाई आता ऐंशीच्या. भिंग डोळ्याला लावून
त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं,
मग पानाखाली कागदाची पट्टी डकवली
आणि गुडघ्यांपासून पुढे काढू लागल्या,
पोटऱ्या, घोट्यावरचं खरचटलेलं,
एक पाय हवेत.
चपला काढल्या.
डावीचा अंगठा तुटलेला,
त्याला आडवी टाचणी.

ती टाचणी मी विसरलो होतो.
आईनं लावली होती, घाईत,
पितळेची, टोक जरा बाहेर राहिलेली.
बाईंनी टोकही काढलं.

नातीनं विचारलं, आता हा कुठे पळणार?
बाई रबराचा चुरा फुंकत होत्या.
ऐकू आलं नसावं.