या आठवड्यात किल्ली आमच्याकडे

चुलीमागच्या खुंटीवर टांगली आहे.
वीतभर लांब, लोखंडी. हातात घेतली
की दिवसभर तळव्याला गंजाचा वास.
गेल्या आठवड्यात ती बार्रियांकडे होती,
पुढच्या आठवड्यात खाडीपलीकडे, एदुविनाकडे जाईल.
चिलोएच्या पूर्वेला आमचं हे बेट,
फादर लाँचने येतात वर्षातून एकदा,
तेही समुद्राच्या मनात असेल तर.
बाकीचे एक्कावन्न रविवार आमचे आम्ही.

शनिवारी मी दार उघडते.
ओलं लाकूड, मेण, उंदीर.
बाक पुसते, बादली गळतीखाली ठेवते.
या चर्चमध्ये एकही खिळा नाही.
कुणाच्या तरी पणजोबांनी लाकडाच्या खुंट्या ठोकल्या,
पावसात त्या फुगतात, तुळयांना आवळून धरतात.
कोरड्या उन्हाळ्यात मात्र सगळं कुरकुरतं,
म्हाताऱ्या गुडघ्यासारखं.

रेमिहिओ, माझा नवरा, इथे येत नसे.
म्हणायचा, देव काय चार भिंतींत कोंडलाय?
माझ्या होडीत बसतो तो, नांगराशेजारी, ऐसपैस.
खोटं नव्हतं ते. मी कधी वाद घातला नाही.
एकदाच विचारलं,
तुझ्या प्रार्थनेला तिकडे आमेन कोण म्हणतं?
"पाणकावळे," म्हणाला, आणि हसत जाळं उचललं.

ऑगस्टातल्या एका मंगळवारी
होडी परत आली.

त्यानंतर माझी प्रार्थना पहिल्याच शब्दाला अडायची,
घशात माशाचा काटा अडावा तशी.
रविवारी यायचे ते किल्लीची पाळी म्हणून,
आणि पाळी नसली की सवयीने.
ओठ मिटून बसायचे. गुडघे टेकायचे, उठायचे.
माझ्या मागे सोइला बार्रिया.
माझ्या मेंढीने तिचे बटाटे खाल्ले तेव्हा
अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जातील अशा शिव्या दिल्या होत्या तिने.
तीच सोइला आता मोठमोठ्याने प्रार्थना म्हणायची,
सगळ्यांचं संपलं तरी हिचं चालूच.
मला वाटायचं, मुद्दाम करते.
दोन महिन्यांनी लक्षात आलं,
ती दोनदा म्हणत होती.
एकदा तिची.
एकदा माझ्या वाटची.

आम्ही काही संत नाही. मोजून नऊ जण.
नाउएल्किन भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत,
एका बाकावर बसतात ते केवळ
दुसऱ्या बाकावर छप्पर गळतं म्हणून.
शांतीचे हात मिळवायची वेळ आली
की दोघे खिडकीबाहेर बघतात,
पण हात पुढे करतात. हातांना काय ठाऊक भांडण.
एदुविना प्रत्येक गाणं अर्धी ओळ उशिरा गाते.
आम्ही थांबतो. तिला वाटतं, आपण बरोबर आहोत.

पुएर्तो मोन्तचा भाचा म्हणाला, मावशी,
त्या थंडीत कशाला जातेस, फोनवर बघ.
बघितलं एकदा.
चाळीस जणांचं गायनमंडळ, उपदेश स्वच्छ, फुलं ताजी.
खरंच फार छान होतं.
मध्येच मला खोकला आला.
कुणी वळून पाहिलं नाही.

गेल्या महिन्यात एक मुलगी येऊ लागली,
सामन माशांच्या पिंजऱ्यांवर राखण करणाऱ्याची बायको,
लांबून, कुठल्याशा उष्ण देशातून आलेली.
नाव यूस्मारी. त्यापुढे आम्हाला काही माहीत नाही.
नेमकी गळक्या बाकावर बसते,
खांद्यावर थेंब पडतात, तरी सरकत नाही.
ओठ मिटलेले.
परवा नाउएल्किनांतला धाकटा
एक शब्द न बोलता उठला,
आणि थोरल्याच्या अंगावर रेलत
तिच्यापुरती जागा केली.
ती आली नाही. जागा मात्र तशीच राहिली,
मिस्सा संपेपर्यंत, दोघे चिकटून.

उद्या रविवार.
किल्ली पदराखाली धरून चढण चढायची आहे,
पाऊस आहे, म्हणजे खुंट्या घट्ट असतील.
तिला विचारायचं काही नाही.
तिच्या मागच्या बाकावर बसायचं, एवढंच.
आत्ताच गरम पाणी पिते आहे,
घसा मोकळा हवा.