संमतीपत्र

यादी लागली तेव्हा पंचायतीच्या भिंतीवर
पुराची रेघ अजून पुसली नव्हती.
तलाठ्यांनी कागद बरोबर रेघेच्या वर चिकटवला,
म्हणाले, परत आलं पाणी तर एवढं तरी वाचंल.

माझं सेतू केंद्र चावडीला लागून.
एक संगणक, एक अंगठ्याचं यंत्र,
आणि कृष्णेनं नासवलेल्या झेरॉक्सच्या जागी
सध्या चुलत्याचं शिवणयंत्र.

आठवडाभर अंगठे बघतोय.
हळद शिजवून गुळगुळीत झालेले,
उसाच्या पाचटानं चिरलेले,
एक तर कडबाकुट्टीत निम्मा गेलेला.
त्यांना म्हटलं, काका, डावा द्या.
म्हणाले, देतो, पण ह्याला सरकार ओळखत न्हाई.

जिनगोंडा मगदूम बुधवारी आले.
तेवीस गुंठे हळद, चार दिवस पाण्याखाली,
रक्कम तीन हजार नऊशे दहा.
विशिष्ट क्रमांक खताच्या पावतीमागं लिहून आणलेला.
स्क्रीनवर नावं दोन आली.
"सामाईक खातं आहे. राजमतीआत्यांची संमती लागंल."
ते उठले नाहीत, बोललेही नाहीत.
बाहेर कुणाचा तरी पंप विहिरीतला चिखल ओकत होता.
मग म्हणाले, "दुसरा काय फॉर्म नसतोय काय?"

अकरा वर्षं. सगळ्या गावाला माहीत.
वडील गेल्यावर हक्कसोडीच्या कागदावर
ती सही करीना,
आणि यांनी तिच्यापुढचं ताट उचललं.
ती निपाणीला गेली, ती गेलीच.

फोन शेवटी मी लावला.
नंबर मगदूमकाकूंना पाठ होता.

शुक्रवारी दुपारच्या एसटीनं आली.
पिशवीत आधार, बँकेचं पुस्तक,
आणि वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी जड.
उभ्या उभ्या विचारलं, "पाणी कुठवर आलतं?"
भावानं भिंतीवर हात ठेवला, छातीएवढा.
"आणि आईची चूल?"
त्यानं हात तिथंच ठेवला.

तिचा अंगठा यंत्राला पटेना.
विड्या वळून वळून रेघाच उरल्या नव्हत्या.
लाल दिवा. पुन्हा प्रयत्न करा.
लाल दिवा.
पदरानं पुसला, पदराला तंबाखूची धूळ.
लाल.
तेव्हा जिनगोंडांनी खांद्यावरचा टॉवेल काढला,
तिचं मनगट धरलं,
आणि अंगठा पुसत राहिले,
यंत्राला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ.
मी उगाच माऊस हलवत बसलो.

सहाव्यांदा हिरवा लागला.

"त्या कागदावर मी अजूनबी सही करणार न्हाई," ती म्हणाली.
"मागितलीय कुणी?"
"सांगून ठेवते."
"बरं."

मग चावडीच्या कट्ट्यावर बसून तिनं वर्तमानपत्र सोडलं.
भाकरी. सात-आठ, वर शेंगांची चटणी.
"पूर आला म्हणं, चूल पेटली नसंल तुमची."
पाणी ओसरून अडीच महिने झाले होते.
कुणी काही बोललं नाही. जेवले.
एक चतकोर माझ्याही पुढ्यात आली,
तिचा चुरा अजून कीबोर्डात आहे,
आडव्या बटणाखाली, दाबलं की कुरकुरतो.

पैसे?
रोज बघतो.
प्रलंबित दाखवतंय.