विसण

लीड्समध्ये, सिनगॉगच्या मागच्या स्वयंपाकघरात
दोन नळ आहेत, हातभर अंतरावर.
एकातून कढत, दुसऱ्यातून बर्फ.
एकच नळ बसवण्याचा ठराव
कधीचा समितीपुढे पडून आहे.

माझ्या योनाने दानपेटीतून अकरा पौंड काढले.
फुटबॉलच्या मोज्यांसाठी, म्हणाला. मग म्हणाला, उगाच.
त्याच्या बापाने जेवणाच्या टेबलावर
जगबुडीएवढं मौन मांडलं.
आणि मी रात्रीच पर्स उघडली,
अकरा पौंड रुमालात बांधले,
पहाटे गुपचूप पेटीत सोडीन म्हणून.

ब्लूमा फाइनरमनने मला पेटीपाशीच धरलं.
ऐंशीची बाई, हिशेबाची वही काखेत.
"कुणाचे हे?"
"आमचेच की."
"तुमचे नकोत. त्याचे आण."
वहीत योनाचं नाव लिहिलं पेन्सिलीने,
पुढे आकडा, पेनाने.
पेन्सिल का, मी विचारलं.
"नाव पुसायचं असतं. आकडा नाही."

सहा रविवार त्याने भांडी घासली,
रविवारी दोन पौंड.
पहिल्याच दिवशी कढत नळाखाली हात धरून किंचाळला.
"बूच लाव आधी," ब्लूमा म्हणाली.
"मग थंड सोड. मग गरम."
मी म्हटलं, आमच्या अलिबागेत उलटं,
घंगाळात आधी कढत, मग विसण.
"वि-सन," तिने जिभेवर घोळवून पाहिलं,
आणि थंडच आधी सोडलं.

देवसुद्धा प्रार्थना करतो म्हणे, ती ताटं विसळत सांगते,
स्वतःचीच: माझी माया
माझ्या रागाच्या दोन पावलं पुढे असू दे.
"रोज करावी लागते त्यालाही.
सोपं असतं तर एकदाच केली असती."

सहाव्या रविवारी बाप न्यायला आला.
दारात उभा राहिला, कोट न काढता.
मग टॉवेल उचलला,
एक ताट पुसलं, दुसरं पुसलं,
तिसरं योनाच्या हातातून घेतलं.
बोलला नाही कुणी.

अकरा पेटीत पडले, एक उरला.
"तुझा," ब्लूमा म्हणाली, "मोजे घे."
"पौंडात एकच मोजा येईल."
"मग एक घे."

तिने रबर घासून नाव पुसलं.
चांगलं पुसलं.
मी वही उघडते कधीमधी, किल्ली आता माझ्याकडे असते;
कागद कोरा दिसतो,
बोट फिरवलं तर अक्षरांची खाच लागते.