शेऱ्याचा रकाना

जून ते ऑगस्ट, तीन महिने,
तिच्या नावापुढे मी एकच शेरा लिहीत आले:
बोलत नाही. चिमटे काढते.
निळ्या शाईत, सरळ ओळीत.
माझ्या अक्षराचं पर्यवेक्षिका नेहमी कौतुक करतात.

भार्गवी नरसय्या येमूल. वय साडेतीन.
सोलापूरच्या पूर्व भागात आमची अंगणवाडी,
भिंतीला भिंत लावून पत्र्याचं शेड, शेडात बारा माग,
दारोदार पिंपं भरलेली,
कारण नळ येतो चौथ्या दिवशी, आला तर.

पालकसभा मी सकाळी अकराला ठेवायचे.
अकराला येतं कोण?
दोन आज्या, एक शेजारीण
आणि कुणाचं तरी कडेवरचं.
मी लिहायचे: पालक उदासीन.
तेही चांगल्या अक्षरात.

मग एकदा तिनं ओंकारची बाही धरली.
तो आधीच रडत होता, अजून रडला.
वही काखेत मारली
आणि दुपारी तिच्या घरी गेले, भांडायलाच म्हणा ना.

घर म्हणजे मागाच्या कडेला उरलेली जागा.
खटखटाटात माझा नमस्कार मलाच ऐकू आला नाही.
आई सुपात तेंदूची पानं कापत बसलेली.
तिनं नवऱ्याकडे बघून अंगठा ओठांशी नेला,
त्यानं भुवई उडवली, तळहात पालथा केला,
पोरगी उठली, तांब्या भरून आली.
एक अक्षर कुणी बोललं नव्हतं
आणि माझ्या हातात पाणी होतं.

त्यानं माग थांबवला.
कान एकदम रिकामे झाले.
‘काय म्हणायलाव मॅडम? चिमटा?’
केसांत कापसाचा भुगा, हसला नाही,
अंगठा आणि बोट जुळवून
हवेतलं काहीतरी बारीक ओढून दाखवलं.
‘हे म्हंजे धागा तुटला.
मी त्या टोकाला असलो की ही इथनं दाखवती.
थांबवा म्हणती. नाही थांबवलं की
कापडात रेघ पडतीय, मालक पैसे कापतोय.’

मला एकेक बाही आठवत गेली.
ओंकारची. झोयाची.
आई बाळंतपणाला गेलेल्या समर्थची.
त्यातलं एकही पोर त्या वेळी हसत नव्हतं.
आणि प्रत्येक वेळी बाही धरून
ती वळून माझ्याकडे बघायची,
मी खोलीच्या त्या टोकाला, वहीत मान घातलेली.
त्या बघण्याला मी कोडगेपणा म्हटलं होतं.

‘घरी लई बोलती,’ आई म्हणाली, ‘तेलुगूत.
तिकडं खाती का काही? डबा तसाच येतोय.’
खाते, म्हटलं. खिचडी खाते,
पण ढेकूळ फोडून ताटाच्या काठाशी ठेवली तरच.
आईची कात्री थांबली.
‘हे माहीतच नव्हतं मला.’
बराच वेळ आम्ही दोघी
त्या पोरीकडे बघत राहिलो,
जणू कुणाची तरी ओळख करून देताहेत.

पुढची सभा रात्री आठला,
मागाच्या सुट्टीच्या दिवशी, गल्लीतच, चटई टाकून.
सतरा जण आले. एक बाप पेंगत होता, पेंगू दिलं.
नरसय्यांनी खुणा शिकवल्या,
मी झोयाच्या अब्बांना विचारून
‘दुखतंय का’ उर्दूत कसं म्हणायचं ते लिहून घेतलं.
पद्मावतीबाई लांब बसल्या,
हाताला तंबाखूचा वास येतो म्हणाल्या.
त्यांना पुढं आणायला अजून दोन सभा लागल्या.

भार्गवी वर्गात अजूनही बोलत नाही.
शेऱ्याचा रकाना तेवढा कोरा आहे,
पर्यवेक्षिका विचारतील, तेव्हा बघू.

काल तिनं माझा पदर धरला,
दोन बोटांत, हलकेच ओढला
आणि मागे वळून शोधत राहिली
माग थांबवणारं कुणी दिसतंय का.

मी तर रडत नव्हते.
निदान मला तसं वाटत होतं.