सहा मीटरची रेघ

क्लबचा इतिहास लिहायचं माझ्यावर आलं
कारण हिशेबाच्या वह्या माझ्याकडे.
त्र्याहत्तरपासून अकरा वह्या,
पहिलीची पानं अजून एकमेकांना चिकटलेली.

डिंक. बोटांना लावला की चेंडू हाताचं ऐकतो,
आणि मग जे जे शिवाल ते सोडत नाही:
दाराची कडी, सँडविच, पावतीपुस्तक.
हॅलिफॅक्सच्या क्रीडाकेंद्राने त्यावर बंदी घातली,
लाकडी जमीन खराब होते म्हणून.
"ठराव: डिंक घरूनच लावून यावे."
सूचक क्लिफर्ड ऑल्ड्रॉइड. अनुमोदक नाही. मंजूर.

क्लिफर्ड जर्मनीत फौजेचा स्वयंपाकी.
परतताना इतरांनी घड्याळं आणली, याने हा खेळ.
गालिच्यांच्या गिरणीतली सात माणसं जमवली,
त्यांतल्या चौघांना वाटलं, फुटबॉलच असेल.
पहिला सामना ग्रिम्झबीत. सहा विरुद्ध एक्केचाळीस.
खाली शेरा: चहा उत्तम होता.

मग गिरणी बंद.
त्या हिवाळ्यात वर्गणीच्या रकान्यात
प्रत्येक नावापुढे, एकाच अक्षरात,
"पुढच्या आठवड्यात"
"पुढच्या आठवड्यात"
मार्चपर्यंत.
एकही नाव खोडलेलं नाही.

मी आले दोन हजार सहाला, मृण्मयीला सोडायला.
ती गोलात खो-खोच्या खांबासारखी उभी.
मी सहज विचारलं, चेंडू केवढ्याला पडतो?
त्याच संध्याकाळी मला खजिनदार केलं.

पुढे जमीन नवी झाली.
बॅडमिंटनच्या रेघा निळ्या, बास्केटबॉलच्या काळ्या,
आमची नारिंगी कमान रंगवायची राहिली.
अर्ज केले. उत्तरं नम्र होती.
मग दर गुरुवारी पावणेसातला
क्लिफर्ड गुडघ्यांवर, हातात चिकटपट्टी,
खांबाला सहा मीटरची सुतळी:
इकडून पाव वर्तुळ, तिकडून पाव,
मध्ये तीन मीटर सरळ.
सुतळीचं टोक मृण्मयीच्या मुठीत.
"ताण," तो म्हणायचा, "सैल सोडलीस तर गोल त्यांचा."
रात्री दहाला सगळं उपटून
मुठीएवढा गोळा, कचऱ्यात.

हे सगळं इतिहासात कुठे घालायचं?
चषक दोनच आहेत, त्यातला एक उसना.

गेल्या फेब्रुवारीत एका गुरुवारी सामना नव्हता, सराव नव्हता.
दुपारी क्लिफर्डला पोचवून आलो होतो,
हॉलचे पैसे आधीच भरलेले.
कोण काय बोललं, आठवत नाही.
वहीत मात्र त्या तारखेला माझ्याच अक्षरात आहे:
चिकटपट्टी, नारिंगी, दोन गुंडाळ्या.
चार पौंड वीस.